‘ह्यूमन’ हा शब्द ‘मनु’वरून आला का? माणूसवाचक शब्दांचा तक्ता

फोंडेकर:
शाळेच्या भित्तिपत्रकासाठी माणूसवाचक शब्दांचा तक्ता करतोय. मानव, मनुष्य, माणूस हे मनूच्या घरचे, इथवर ठीक. पण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ह्यूमन’ही मनूवरूनच आल्याचं फिरतंय. घालावं का? शिवाय कोकणी ‘मनीस’ आणि पोर्तुगीज ‘ओमेंय’ कुठे बसवू?

सूत्रपाठी:
‘ह्यूमन’ अजिबात घालू नका. लॅटिन ‘हूमानुस’पासून तो आलाय, त्यातला ‘आनुस’ हा ‘-चा, -विषयीचा’ अशा अर्थाचा प्रत्यय. त्यामुळे ‘ह्यू + मन’ ही फोडच चुकीची. मनूचं नातं इंग्रजीतल्या ‘मॅन’शी आहे, पण तोही संस्कृतातून गेलेला नव्हे. दोघांचं मूळ त्याहून जुन्या एकाच भाषेत.

संस्कृत शब्दांतही एक चूक हमखास होते: ‘मनु + ष्य’. इथे ‘ष्य’ असा प्रत्यय नाही. पाणिनीचं सूत्र (४.१.१६१) आहे ‘मनोर्जातावञ्यतौ षुक् च’. जातिवाचक अर्थी ‘मनु’ला अञ् किंवा यत् प्रत्यय लागतो आणि मध्ये ष् येतो. यत् लागला (त्यातला ‘य’च उरतो) की मनुष्य. अञ् लागला (त्यातला ‘अ’च उरतो) की पहिल्या स्वराची वृद्धी, म्हणजे अ-चा आ होऊन मानुष. मानव मात्र वेगळ्या वाटेने येतो: ‘मनूचं अपत्य’ या अर्थी अण् प्रत्यय, पहिल्या स्वराची वृद्धी आणि शेवटच्या उ-चा ओ होऊन पुढे अव्.

आपला ‘माणूस’ या मानुषपासून आला, मनुष्यपासून नव्हे. दोन स्वरांमधल्या न-चा प्राकृतात ण झाला, माणुस. तोच मराठीत टिकला. तक्त्यात बाण मानुषकडूनच काढा.

पेडण्याचा वाचक:
‘ओमेंय’ लॅटिन ‘होमो’चा वंशज, लिहिताना सुरुवातीला एच असतो, उच्चारात नाही. ‘होमो’, ‘हूमानुस’ आणि ‘हुमुस’ म्हणजे माती, हे एकाच घरचे. त्याच मुळाच्या शाखा म्हणजे संस्कृत ‘क्ष्मा’ आणि फारसी ‘जमीन’. म्हणजे ह्यूमनचं नातं जुळतं ते आपल्या एक-चौदाच्या उताऱ्यावरच्या (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा) जमिनीशी! हे मुलांना नक्की सांगा, लक्षात राहील.

‘आदमी’ आदामवरून, आणि हिब्रूत ‘अदामा’ म्हणजेही माती. पण ते भाषाकुळच निराळं, तेव्हा दोन्ही मातींना एका रेघेने जोडू नका. पंचनाम्यातला ‘इसम’ अरबी ‘इस्म’वरून आला, अर्थ ‘नाव’. ‘असामी’ही त्याच घरचा, मुळात ‘नावे’.

सूत्रपाठी:
राहिला ‘मनीस’. तो मनूच्याच रांगेत, पण ‘माणूसचा अपभ्रंश’ असं लिहू नका. त्यात आरंभी ‘म’ आहे, ‘मा’ नाही. ण-ऐवजी न आहे. रूपं शेजारी मांडा: माणूस–माणसाला, मनीस–मनशाक. मधला स्वर दोन्हीकडे गळतो.

शुद्धलेखनवाली:
तक्ता रंगवण्याआधी दोन गोष्टी तपासा. ‘माणूस’मधला णू दीर्घ, ‘माणुसकी’तला णु ऱ्हस्व, फलकांवर सर्रास ‘माणूसकी’ दिसतं. आणि ‘तो व्यक्ती’ नको. वि + अञ्ज् या धातूला क्तिन् प्रत्यय लागून ‘व्यक्ति’, मूळ अर्थ प्रकट होणं. क्तिन् लागलेले शब्द स्त्रीलिंगी, म्हणून पुरुषाबद्दल बोलतानाही ‘ती व्यक्ती’च.