जेईईसाठी मुलीला बाहेर पाठवू की घरीच? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही देवगड तालुक्यातले, आंब्यावर घर चालतं. मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. आयआयटी पवई डोक्यात पक्की बसलीय तिच्या.

मुख्य अडचण भाषेची. जेईई मेन, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशाची पहिली परीक्षा, मराठीतून देता येते, पण आयआयटीसाठी पुढे द्यावी लागणारी अ‍ॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत. 'संवेग' म्हटलं की पोरगी घडाघडा गणित सोडवते, 'मोमेंटम' वाचलं की थबकते, मनातल्या मनात मराठी करते, मग पेन चालतं. तीन तासांच्या पेपरात हे परवडायचं कसं? वर चुकलं की गुण वजा. मग मेनसुद्धा आत्तापासून इंग्रजीतूनच द्यावी का?

जवळच्या शहरात एक क्लास लावला होता. दोन महिन्यांत फिजिक्सचे सर सोडून गेले, फीचा पहिला हप्ता बुडाला तो बुडालाच. आता सगळे कोटा-लातूर सुचवतात. तेवढा खर्च झेपणारा नाही, आणि खरं सांगायचं तर धीरही होत नाही.

घरी एनसीईआरटीची पुस्तकं आहेत. व्हिडिओ माडीवरच्या खिडकीत मोबाईल टेकवून बघते, तिथेच काय ती रेंज. पावसात तीही जाते. मेनचं दुसरं सत्र एप्रिलात, म्हणजे ऐन पेट्या भरायच्या दिवसांत, पण ते आम्ही बघू.

कोकणात घरी राहून कुणाच्या मुलांनी तयारी केलीय का? राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, सीईटीचा अभ्यास सोबत झेपतो का? टेस्ट सिरीज कुठली घेतलीत, तेही सांगा.