आठवडे बाजारात शेतकऱ्यानं स्वतः बसावं का?

मळेकर:
आमची पुरंदर तालुक्यात दोन एकर जमीन. मेथी, कोथिंबीर, वांगी, हंगामात मटार, शिवाय बांधाकडेला अंजिराची थोडी झाडं. पुण्यातल्या शेतकरी आठवडे बाजारात आम्ही घरचेच बसतो. माझं मत विचाराल तर दोन एकरवाल्याला हे परवडत नाही, परवडल्यासारखं वाटतं एवढंच.

समजा, मार्केट यार्डातल्या घाऊक बाजारात वांगी 20 रुपये किलोनं गेली असती आणि बाजारात आम्ही ती 40नं विकली. बघणारा म्हणतो, दलाल गेला, दुप्पट आले. पण छोट्या हत्तीचं भाडं, गाळ्याचे पैसे, पिशव्या, रात्री उरलेला माल? आणि घरची दोन माणसं अख्खा दिवस तिथं. गडी लावला असता तर त्याला हजेरी दिलीच असती ना? घरच्यांची हजेरी कुणी धरतच नाही. त्या दिवशी वावरात पाणी फिरवायला कुणी नसतं, फवारणी लांबते ती वेगळीच. वरचे 20 रुपये म्हणजे विकण्याची मजुरी आहे, नफा नव्हे. भाजी विकणं हा स्वतंत्र धंदा आहे, तो येणाऱ्यानं करावा.

रानवाटा:
दादा, तुमच्या घरी पट्टी, म्हणजे यार्डातल्या विक्रीचा हिशेब, कुणाच्या नावावर येते? आमच्याकडे मालकांच्या. महिन्याचा किराणा, पोरांच्या वह्या, सगळ्याला हात पसरायचा. बाजारात बसायला लागल्यापासून रोकड माझ्या डब्यात असते. हा आकडा तुमच्या हिशेबात नाही.

आणि भाव पडल्यावरचं बोला की. कोथिंबिरीचा लोंढा आला की यार्डात जुडीला दोन रुपयेही मिळत नाहीत, गाडीभाडं अंगावर येतं. बाजारात त्याच दिवशी पाच-दहाला जुडी जाते, कारण गिऱ्हाईक ओळखीचं आहे. वाकडी वांगी, बारका टोमॅटो यार्डात बाजूला पडतो. इथं बायका तोच भरतासाठी, सारासाठी मागून नेतात.

गुलटेकडीचा:
आमचा यार्डात पिढीजात अडतीचा, म्हणजे कमिशनवर माल विकून द्यायचा गाळा, त्यामुळे शिव्यांची सवय आहे. तरी सांगतो. 2016च्या जुलैत फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीबाहेरही विकायची मोकळीक मिळाली, आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. पुढच्याच महिन्यात संत सावता माळींच्या नावानं सरकारनं आठवडे बाजारांचं अभियान काढलं. दारं तर उघडली. तरी रात्री ट्रक आमच्याच दारात का लागतात? कारण टनावारी माल पहाटेपर्यंत उठवायचं काम आम्ही करतो. पेरणीला उचल लागली तर तीही आमच्याकडूनच नेतात. आठवडे बाजार हे छत्रीखालचं दुकान आहे. चांगलं आहे, पण त्यावर शहर जेवत नाही.

मळेकर:
उचल देता म्हणून तर माल तुमच्याच गाळ्यावर आणावा लागतो, तेही सांगा. आणि अडत गेली तरी हमाली-तोलाई पट्टीत दिसतेच.

पोळीभाजी:
मी घेणारी. 'थेट शेतकऱ्याकडून' असा फलक आणि त्याच गाळ्यावर बटाटा, आलं, लिंबू आणि सफरचंद! पुरंदरात सफरचंद कधीपासून पिकायला लागलं? पहाटे यार्डातून उचलून इथं शेतकरी म्हणून बसणारे आहेत, आणि त्यांच्यापायी खऱ्याचा भाव मरतो. तामिळनाडूत 1999मध्ये मदुराईपासून उळवर संदै, म्हणजे शेतकरी बाजार, सुरू झाली, तिथं शेतकऱ्याला फोटोचं ओळखपत्र देतात आणि दिवसाचे दर फळ्यावर असतात. आपल्याकडे गाळ्यावर सातबारा लावायला काय हरकत आहे?

चार_घरं:
सातबारा लावाच, पण बटाट्यावरून चोर ठरवू नका. मेथी-वांग्यापुरतं गिऱ्हाईक थांबत नाही, त्याला पिशवी एका ठिकाणी भरायची असते. आम्ही चार शेजारी मिळून एक गाळा चालवतो. माल चौघांचा, बसायची पाळी फिरती. म्हणजे मळेकरांचा हजेरीचा प्रश्न सुटतो. प्रत्येकाचं वजन वहीत, पैसे संध्याकाळी खात्यावर. सफरचंद मात्र आम्हीही ठेवत नाही!

मळेकर:
पाळी पटते, पण शिळ्या मालाचं काय? शेजाऱ्याची कालची मेथी माझ्या पाळीला मी विकायची, आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी मलाच बोलणार. अंजिराचं मी आधीच वेगळं धरलंय. पिकलेलं फळ दोन दिवस टिकत नाही, झाडावर पिकवून थेट हातात दिलं तरच त्याला पुरंदरच्या नावाचा भाव येतो. ते घेऊन मी स्वतः बसेन. मेथीसाठी नाही.

रानवाटा:
चार घरांच्या वहीवर माझं एकच म्हणणं आहे. 'पैसे खात्यावर' म्हणता, ते खातं कुणाचं? सातबारा ज्याच्या नावावर, त्याचंच ना? मग आम्ही बायकांनी पाळी करायची आणि संध्याकाळी पुन्हा मालकांकडं हात पसरायचा. जी बसेल तिच्या खात्यावर पैसे, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग आमचा माल तुमच्या गाळ्यावर आणायला मी तयार आहे.