कॉलेजातलं अवांतर पुढे कुठे कामी आलं? तुमचे अनुभव

लेक यंदा एफवायला गेली. "एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) घेऊ की क्लास लावू?" असं तिने विचारलं आणि मला धड उत्तर देता आलं नाही. अभ्यासाबाहेर जे केलंत, त्यातलं नेमकं काय पुढे नोकरी बदलताना, सुटताना उपयोगी पडलं? वेळ कसा जमवलात? तोटेही लिहा.

सातारा, औषधनिर्मिती
कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेल्या 'कमवा आणि शिका' योजनेत मी बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं होतो. सकाळी सात ते दहा आधी बागेत, मग ग्रंथालयात काम. अकराला प्रॅक्टिकल. पहिल्याच सत्रात दोन विषय राहिले. घरी सांगितलं, कामामुळे राहिले. ग्रंथपाल सरांना ते पटलं नाही. जुन्या रजिस्टरची कोरी पानं देऊन म्हणाले, "आठवडाभर तासातासाची नोंद ठेव." रोजचे अडीच तास होस्टेलच्या कट्ट्यावर जात होते! सगळे तोडले नाहीत, एक तास ठेवला, मित्रही हवेतच. पुढच्या खेपेला दोन्ही विषय सुटले.
२०२० च्या लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली. पहिले पंधरा दिवस नुसता फोन बघण्यात गेले. मग तशीच वही काढली. सात ते दहा शिकायचं, बाकी दिवस अर्जांचा. प्रयोगशाळेतून औषधांच्या मंजुरीच्या कागदपत्रांकडे वळायला सात महिने लागले. त्या वहीने मला धरून ठेवलं.

नाशिक, सिव्हिल
एनएसएसचे दोन वर्षांत २४० तास भरायचे, हे सगळे सांगतात. मला लक्षात राहिलंय ते सात दिवसांचं शिबिर. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा होता. आम्ही आखलेली जागा गावातल्या एका आजोबांनी बघितली आणि म्हणाले, "पोरी, हितं तळ मुरमाड हाय, पाणी खालनं जाईल." अर्ध्या भरलेल्या गोण्या उचलून वर नेल्या. आज साइटवर गेले की आधी तिथल्या माणसांना विचारते, मग नकाशा उघडते.

पुणे
पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेसाठी दोन वर्षं बॅकस्टेज केलं. रंगमंचावर एकदाही गेलो नाही. तालमींपायी हजेरी कमी पडली, एक केटी लागली म्हणजे एक विषय राहिला, हा तोटा खराच. पण कोणती वस्तू कुणाच्या हातात कधी जाणार, याची यादी करायची सवय लागली. गोदामाचं काम हाती आलं तेव्हा तीच कामी आली.

सोलापूर जिल्हा, पतसंस्था
मला यातलं काहीच करता आलं नाही. गावाकडची शेवटची एसटी साडेपाचची. घरी आल्यावर आईसोबत डेअरीला दूध घालायचं, फॅट-डिग्रीच्या, म्हणजे दुधाच्या प्रतीच्या, पावत्या जपायच्या, दहा दिवसांचं बिल ताडून बघायचं. पहिल्या मुलाखतीत "अभ्यासाव्यतिरिक्त काय केलं?" विचारल्यावर मी गप्प बसले. दुसऱ्या मुलाखतीत दुधाचा हिशोब सांगितला, तर साहेब वीस मिनिटं त्याच्यावरच बोलले. ज्या मुलींना एसटी गाठायची असते त्यांचं हे काम कुणी उपक्रमात धरत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तुमच्या लेकीला वेळ मिळतोय तर तिला एनएसएस घेऊ द्या.

धागाकर्ती
आज रात्री तिच्यासोबत हे सगळं वाचणार आहे. सोलापूरच्या ताई, बिलात चूक सापडली तर डेअरीवाल्यांना कसं सांगायचात, तेही लिहा ना.