विषय: वेलिंग्टन, चार दिवस, आई-बाबांसोबत

प्रेषक: ऑकलंडहून, नेहमीची प्रश्नकर्ती

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात आई-बाबा भारतातून येताहेत. चार दिवस वेलिंग्टनला न्यायचा विचार आहे. राजधानी म्हणजे नुसती सरकारी ऑफिसं नाहीत ना? बाबांना म्युझियम हवं, आईला झाडं-पक्षी. आईचे गुडघे कुरकुरतात. गाडी भाड्याने घ्यावी का?

*

प्रेषक: कारोरीची मावशी

अगं, गाडी मुळीच नको. पार्किंग शोधण्यात आणि चढणीवर रिव्हर्स घेण्यात तुझेच चार दिवस जातील. गावात उतरा, बाकी पायी आणि बसने.

सुरुवात रेल्वे स्टेशनपासून कर. बाहेरच गांधीजींचा पुतळा आहे, २००७ मध्ये बसवलेला. बाबा फोटो काढल्याशिवाय हलणार नाहीत, तेवढा वेळ धर. मग लॅम्ब्टन की हा दुकानांचा रस्ता. ‘की’ म्हणजे जहाजांचा धक्का, पण समुद्र दोन-तीन गल्ल्या पलीकडे! १८५५ च्या भूकंपात जमीन वर आली आणि पुढे भराव घालत गेले. १८४० चा किनारा कुठे होता ते सांगणाऱ्या पट्ट्या फुटपाथवर बसवल्यात, त्या शोधत चाललं की दुकानांकडे लक्ष जात नाही. (पैसे वाचतात.)

स्टेशनपासून ‘ते पापा’ नावाच्या म्युझियमपर्यंत समुद्राच्या कडेने रमतगमत अर्धा तास, सगळं सपाट. तू इथली रहिवासी, तुला तिकीट नाही. आई-बाबांना मात्र माणशी ३५ डॉलर, २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना लावलंय. बाबांना प्रचंड स्क्विड दाखवच, पण त्याआधी इमारतीखाली ने. अख्खं म्युझियम रबर-पोलादाच्या थरांच्या ठोकळ्यांवर उभं आहे, प्रत्येक ठोकळ्याच्या मधोमध शिशाचा दांडा. भूकंपात जमीन हलते, वरची इमारत मात्र संथपणे डोलते. ही युक्ती वेलिंग्टनच्याच बिल रॉबिन्सन यांची, १९७० च्या दशकातली. आमचे हे तिथून निघायलाच तयार नव्हते.

आणि आईसाठी झीलँडिया. गावातच २२५ हेक्टरचं रान! पूर्वी शहराच्या पिण्याच्या पाण्याचे तलाव होते तिथे. भोवती ८.६ किलोमीटरचं कुंपण, उंदीर, पॉसम, मांजरं आत शिरू नयेत म्हणून. दारात तुमच्याही पिशव्या उघडून बघायला सांगतात, आत उंदीर बसलाय का! माझ्या सासूबाई जाम चिडल्या होत्या, "मी काय उंदीर पाळते का?" आत गेल्यावर दहा मिनिटांत विसरल्या, टुई पक्ष्याचा आवाज ऐकून. तुआतारा बघा. सरड्यासारखा दिसतो पण सरडा नव्हे, डायनासोरच्या काळातल्या कुळातला एकटाच उरलेला.

शेवटच्या दिवशी केबल कारने वर जा, १९०२ पासून चालू आहे, पाच मिनिटांत केलबर्न. तिथून बोटॅनिक गार्डनमधून रमतगमत खाली उतरा.

*

प्रेषक: आयलंड बेचे काका

मावशींचं बाकी सगळं मान्य, शेवटचं वाक्य सोडून. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार जड जातो. केबल कारचं परतीचं तिकीट काढा, वर बागेत बसा, बंदर बघा, तसेच खाली या.

आणि वाऱ्याबद्दल कुणीच कसं बोललं नाही? छत्री आणू नका, उलटी होते. टोपी असेल तर बांधायला नाडी हवी.

कुणी तरी फेरीबोटीने दक्षिण बेटावरचं पिक्टन करून या असंही सुचवेल. जाताना साडेतीन तास, येताना साडेतीन तास, मध्ये सामुद्रधुनी. आई-बाबांना उलट्यांचा अनुभव द्यायचा असेल तरच. त्याऐवजी एक नंबरची बस पकडून आमच्याकडे आयलंड बेला या. आकाश स्वच्छ असेल तर दक्षिण बेटाचे डोंगर समोर दिसतात, बाकावर बसून.

*

प्रेषक: ऑकलंडहून, प्रश्नकर्ती

धन्यवाद दोघांनाही! गाडी रद्द. आई विचारतेय, पक्ष्यांसाठी बदाम आणू का? आणि चिवडा-लाडू?

*

प्रेषक: कारोरीची मावशी

चिवडा-लाडू आणा, पण विमानतळावर सगळं जाहीर करा. "विसरलो" म्हटलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. बुटांना माती असेल तर घरूनच धुऊन या.

बदाम अजिबात नकोत. इथे काका नावाचा मोठा पोपट आहे. शहरातून पार नाहीसा झाला होता, २००२ पासून झीलँडियात पुन्हा सोडले, आता आमच्या गच्चीच्या कठड्यावर येऊन लाकूड कुरतडतात. लोक कौतुकाने दाणे, बदाम घालतात, त्याने पिल्लांची हाडं कमकुवत राहतात. तेव्हा काकांना काहीही खायला घालू नका.

*

प्रेषक: आयलंड बेचे काका

हे वाक्य सगळ्या काकांना लागू नाही. लाडू चालतील.