टपावर काळा ग्लॉस रॅप: पट्टीखालच्या खाचेत विनाइल उचलतो, काय करावं?

प्रश्न
हॅचबॅकचा टप काळ्या ग्लॉस विनाइलने (रंगावर चिकटवायच्या चकचकीत प्लास्टिक फिल्मने) झाकायचा आहे. लांबी १६० सेंमी, रुंदी ११५ सेंमी. दोन्ही कडांना लांब रबरी पट्ट्या आहेत, खाली पाण्याची खाच. टपावर दोन लांबट दऱ्या दाबलेल्या आहेत आणि मागे शार्क-फिन अँटेना आहे. रोल १५२ सेंमी रुंद मिळतो. किती लांबी घ्यावी? खाचेत बसवलेला विनाइल महिन्याभरात उचलतो असं ऐकतो, ते कशामुळे?

पहिलं उत्तर
२ मीटर घ्या. रोलची रुंदी टपाला आडवी ठेवा. बाजूंना प्रत्येकी १५ सेंमीहून जास्त आणि मागे-पुढे २० सेंमी मिळेल. धरायला तेवढं लागतंच.

फिल्म कास्टच (ताण न देता, द्रव ओतून बनवलेली) घ्या, मागच्या गोंदात हवा निघायच्या बारीक वाटा असलेली. कॅलेंडर्ड फिल्म रोलरखाली दाबून ताणलेली असते, त्यामुळे ऊन लागलं की मूळ मापाकडे आक्रसते. सपाट दारावर ती चालेलही, पण टप दिवसभर उन्हात असतो आणि खाच ही तर आक्रसणाऱ्या फिल्मची पहिली शिकार.

उचलण्याचं कारण गोंद कमी पडणं हे क्वचितच असतं. लोक आधी सपाट भाग घट्ट बसवतात आणि मग फिल्म ताणून खाचेत ढकलतात. ताणलेली फिल्म परत सरळ व्हायला बघते आणि खाचेच्या तळातून सुटून पुलासारखी उभी राहते. उपाय उलटा आहे: दरी किंवा खाच आधी भरायची, सैल फिल्म आत जाऊ द्यायची आणि शेजारचा सपाट भाग नंतर दाबायचा. तुमच्या दोन दऱ्यांनाही हाच क्रम.

दुसरं उत्तर
वरचं बरोबर आहे. त्यात तयारीची भर घालतो, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं.

पट्ट्या काढाच. बहुतेक गाड्यांत त्या क्लिपवर असतात. मागच्या टोकाकडून प्लास्टिकच्या पट्टीने हळू उचला. थंडीत क्लिप तुटतात, दोन-चार जास्तीच्या जवळ ठेवा. खाचेत सीलंटची खडबडीत रेघ दिसेल. तिच्यावर विनाइल नीट धरत नाही, म्हणून फिल्म रेघेच्या अलीकडेच संपवा. वर पट्टी बसली की कड दिसत नाही.

टप धुवा, क्ले बार (रंगावर चिकटलेला मळ ओढून घेणारी मऊ वडी) फिरवा, मग दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी घेऊन पुसा. कडा आणि खाच वेगळ्या, स्वच्छ कापडाने दोनदा. मेणाचा आणि सिलिकॉनचा अंश नेमका तिथेच साचतो. रंग पोपडे धरत असेल तर थांबा. रॅप काढताना तो रंगही घेऊन येईल.

सावलीत, साधारण २० ते २५ अंशांत काम करा. तापलेल्या पत्र्यावर गोंद लगेच पकडतो आणि फिल्म हलवता येत नाही. दोघं जण लागतात. मधे आडवी चिकटपट्टी लावून फिल्म धरा, एका अर्ध्याचा कागद काढा, मधून बाहेर दाबत जा, मग दुसरा अर्धा. स्क्वीजीला (फिल्म दाबायच्या सपाट पट्टीला) फेल्टची कड हवी, नाहीतर ग्लॉसवर ओरखडे उठतात. ती ४५ अंशांत धरा आणि प्रत्येक फटका आधीच्या फटक्याच्या निम्म्यावर घ्या. सुरकुती दिसली की दाबू नका. तिथवर उचला, गरम हवा द्या, सैल होऊन सपाट झाली की परत टाका.

प्रश्नकर्ता
साबणाचं पाणी मारून लावलं तर सरकवायला सोपं नाही का? आणि अँटेनाचं काय करू?

पहिलं उत्तर देणारे
पाणी नको. गोंदातल्या हवेच्या वाटांत ते अडकतं आणि फिल्म घट्ट चिकटत नाही. ती पद्धत हवेच्या वाटा नसलेल्या फिल्मची.

अँटेना काढता आला तर उत्तम, पण त्यासाठी आतलं छताचं अस्तर मागून थोडं खाली घ्यावं लागतं. जमत नसेल तर फिल्म अँटेनावरून टाका आणि मागच्या कडेपासून त्याच्यापर्यंत एकच चीर द्या. दोन्ही बाजू अँटेनाला टेकवून, त्याच्या रबराखाली २ मिमी सरकवा. चीर मागे गेल्याने पुढून नजरेस पडत नाही.

रंगावर ब्लेड टेकवू नका. जिथे कापायचंय तिथे आधी नाइफलेस टेप (आत बारीक दोरा असलेली; दोरा ओढला की वरची फिल्म कापली जाते) लावा. पुढच्या काचेच्या रबरात ३ ते ५ मिमी फिल्म खोचा. मागे डिकी उघडून कडेवरून सेंटिमीटरभर आत वळवा.

सगळं बसलं की कडा, खाचा आणि दऱ्या ९० ते ९५ अंशांपर्यंत तापवा, लेझर थर्मामीटरने मोजून. एवढ्या उष्णतेने फिल्म नवा आकार धरते. नुसतं 'हाताला गरम लागतंय' म्हणून सोडलेली कड हमखास उचलते. ती तापवून पट्ट्या लगेच लावू नका. एक दिवस थांबा, उचललेली जागा दिसली तर परत तापवून दाबा आणि मगच पट्ट्या बसवा.

दुसरं उत्तर देणारे
बारीक फुगे लगेच टोचू नका, बरेचसे काही दिवसांत बसतात. उरलेल्यांना बारीक सुईने तिरकं छिद्र द्या आणि बोटाने छिद्राकडे दाबा. आठवडाभर प्रेशरचं पाणी टपाच्या कडांवर नको.