प्रचारकी लेखांवरचा निबंध: लेखागणिक लिहावा की मुद्द्यागणिक?

फोंड्याची शिक्षिका: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यावर १९६७ मध्ये जनमत कौल झाला. बारावीच्या मुलांना त्या काळातले दोन लेख चिकित्सेला दिले, एक विलीनीकरणाच्या बाजूचा, एक विरोधातला. बहुतेकांनी एक परिच्छेद पहिल्या लेखावर, एक दुसऱ्यावर लिहिला आणि शेवटी ‘दोन्ही लेखकांची भाषा प्रभावी आहे’ म्हणून हात झटकले. ही मांडणी मला मुळातच चुकीची वाटते. तेव्हा ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने आणि ‘राष्ट्रमत’ विरोधात झुंजत होता, आणि दोन्ही मराठीच दैनिकं! वाचक तोच, भाषा तीच. मग दोघे वाचकाच्या कोणत्या भीतीला हात घालतात, ‘आपण’ म्हणताना कोणाला आत घेतात, हे एकाच परिच्छेदात समोरासमोर ठेवल्याशिवाय कसं दिसणार?

डिचोलीचा वाचक: बाई, इथं मी तुमच्याशी सहमत नाही. अग्रलेख आधी वाचकाला अस्वस्थ करतो, मग शत्रू दाखवतो, मग वाट दाखवतो. पटवण्याची सगळी ताकद त्या क्रमात असते. मुद्दे उपसून वेगळे केलेत तर लेख मरतो. मुलांनी एक लेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडावा, आणि दुसरा उलगडताना पहिल्याकडे वळून पाहावं.

फोंड्याची शिक्षिका: क्रमाचं म्हणणं मान्य. पण ‘सुरुवात कुठून केली’ हाच तुलनेचा एक मुद्दा होऊ शकतो. एकाने इतिहासापासून, दुसऱ्याने उद्याच्या नोकरीपासून सुरुवात केली असेल, तर तेवढ्यावर अख्खा परिच्छेद उभा राहतो. आणि ‘वळून पाहणं’ परीक्षेच्या घाईत कोणी करत नाही, हे मी पेपर तपासताना बघते.

म्हापशाचा शिकवणीवाला: तुम्ही दोघंही हुशार मुलांबद्दल बोलताय. काठावरच्या मुलाला यादीच हवी: प्रश्नार्थक वाक्यं, पुनरुक्ती, आकडे, भावनिक आवाहन. प्रत्येकाचं एक उदाहरण. निदान पान भरतं आणि तो पास होतो.

डिचोलीचा वाचक: सर, यादीला माझा ठाम विरोध. समजा लेखात ‘आपल्या मुलांची भाकरी कोण पळवणार?’ असं वाक्य आहे. ‘लेखकाने प्रश्नार्थक वाक्य वापरले’ असं लिहून मुलाच्या हाती काहीच लागत नाही. ‘पळवणारा कोण हे लेखक सांगत नाही, त्यामुळे वाचक आपल्या मनातला परका तिथं बसवतो’, ही झाली चिकित्सा. काठावरच्या मुलालाही हे जमतं. त्याला फक्त ‘मग वाचकाचं काय होतं?’ एवढं विचारत राहायचं.

मडगावची विद्यार्थिनी: एक शंका. पार्श्वभूमी किती लिहायची? मी विलीनीकरणाचं फूल आणि विरोधाची दोन पानं या निशाण्या, कौल नि:पक्ष व्हावा म्हणून तेव्हाचे मुख्यमंत्री बांदोडकर यांनी दिलेला राजीनामा, ३४,०२१ मतांचा फरक, सगळं लिहिलं आणि लेखांना अर्धं पानच उरलं.

फोंड्याची शिक्षिका: दोन-तीन वाक्यांत आटप, बाय. वाचक कोण होता आणि त्याच्यासमोर कोणता निर्णय होता, एवढंच. निशाणी लेखात आली असेल तरच घे. मतांचा फरक तर गाळच. दोन पानं जिंकली म्हणून विरोधातला लेख जास्त पटणारा होता असं ठरत नाही, आणि तुझा निबंध लेखावर आहे, निकालावर नाही.