शब्दचर्चा : तज्ज्ञ, जाणकार, माहीतगार... नेमका कोण?

ओसरी :
गावी हापूसचं एक कलम आहे. यंदा मोहोर छान आला आणि आठवडाभरात गळायला लागला, म्हणून ऑनलाइन विचारलं. तासाभरात अकरा उत्तरं! तिघांच्या नावापुढे ‘कृषीतज्ञ’. एकाने तर झाड न बघता सात फवारण्या लिहून दिल्या, डोससकट. एका गृहस्थांनी मात्र उत्तरच दिलं नाही, उलट मलाच विचारलं : “पानांवरून हात फिरवा, चिकट लागतात का? की मोहोरावर पांढरी भुकटी दिसते? चिकट असेल तर तुडतुडे, पांढरं असेल तर भुरी. दोन्हींचं औषध वेगळं. बघून सांगा, मग बोलू. खताचं मात्र दुसऱ्या कुणाला विचारा, मला त्यातलं फारसं कळत नाही.”
अशा माणसाला मराठीत काय म्हणावं? ‘तज्ज्ञ’ म्हणवत नाही, तो शब्द बाकीच्यांनी पार चोथा करून टाकलाय. आणि जाता जाता, तज्ञ की तज्ज्ञ?

अडकित्ता :
तज्ज्ञ. तत् + ज्ञ. पुढे ज आला की त् चा ज् होतो, सत् + जन = सज्जन तसं. आपण ज्ञ चा उच्चार ‘द्न्य’ करतो, त्यामुळे तो आधीचा ज् कानाला लागत नाही आणि हात ‘तज्ञ’ लिहून मोकळा होतो. सुज्ञ, रसज्ञ, कृतज्ञ यांत मुळात त् नाही, म्हणून तिथे एकच.

पाटावरवंटा :
मी ‘मुरब्बी’ म्हणेन. मुरंब्यासारखा मुरलेला तो मुरब्बी. लोणचं मुरतं तसा माणूस धंद्यात मुरतो.

अडकित्ता :
ताई, अर्धं बरोबर. मुरब्बी आणि मुरंबा एकाच घरातले खरे, पण ते घर अरबी. तिथे मुरब्बी म्हणजे सांभाळणारा, वाढवणारा, पालक. मुरब्बा म्हणजे निगुतीने जपून ठेवलेला. आपलं ‘मुरणे’ हे क्रियापद निराळं. मराठीत दोघांची गाठ पडली आणि अर्थ ‘अनुभवी’कडे सरकला. वापरात तुम्ही म्हणता तोच अर्थ, फक्त व्युत्पत्ती तशी नाही.

पाटावरवंटा :
अरे, हे माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं शाळेत मुलांना तसंच सांगत आले! शब्द मात्र मागे घेणार नाही हं.

दौत :
निष्णात घ्या की. स्ना धातू, म्हणजे त्या विद्येत न्हालेला. पारंगत म्हणजे पैलतीराला पोचलेला. संस्कृतातले हे शब्द फार देखणे, पण सत्काराच्या शालीसारखे, रोज अंगावर घेता येत नाहीत. ‘वाकबगार’ मला जास्त आवडतो, फारसी वळणाचा आहे : वाकिफ, म्हणजे ठाऊक असलेला. त्यात हाताचं कसबही येतं. माहीतगार त्याच्या खालच्या पायरीवर. त्याला खबर असते, हात चालेलच असं नाही. आणि ‘दर्दी’ नको, तो गाणं ऐकणारा, गाणारा नव्हे.
गंमत बघा, खोट्यासाठी आपल्याकडे केवढी समृद्धी : दीडशहाणा, उंटावरचा शहाणा, अर्ध्या हळकुंडाने पिवळा. रामदासांना दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाच्या लक्षणांचा समास पुरला नाही, पढतमूर्खासाठी दहावा समास वेगळा लिहावा लागला.

सावंतवाडीकर :
व्याकरणातलं मला कळत नाही, कलमं बांधलीत चाळीस वर्षं. ओसरीताई, त्या गृहस्थांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. तुडतुडा रस शोषतो आणि गोड चिकटा टाकतो, तोच पानाला लागतो. पुढे त्यावर काळी बुरशी चढते. आमच्याकडे अशा माणसाला तज्ज्ञ-बिज्ञ म्हणत नाहीत. ‘त्याका त्यातला कळता’ म्हणतात, बस.

अडकित्ता :
काका, तुम्ही तर विग्रहच करून दिलात! तत् म्हणजे ते, ज्ञ म्हणजे कळणारा. ‘त्यातलं कळणारा’ तोच तज्ज्ञ. शब्दाच्या पोटातच ‘त्यातलं’ बसलेलं आहे, म्हणजे कशातलं ते सांगितल्याशिवाय शब्द पुरा होत नाही. अर्थतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, भाषातज्ज्ञ असं जोडूनच येतो. नुसता ‘तज्ज्ञ’ भेटला तर ‘कशातला?’ विचारावं. सगळ्यातलं कळणारा तो सर्वज्ञ, आणि तो शब्द महानुभावांनी चक्रधरांसाठी राखून ठेवलाय. ओसरी, ‘खताचं मला विचारू नका’ म्हणणारा तुमचा माणूस तज्ज्ञच. शब्द बदलू नका, तो ज्यांनी नावापुढे लावलाय त्यांच्याकडून काढून घ्या.

दौत :
काढून घेणार कसा? पाट्या रंगवून झाल्यात, त्याही एका ज् ने कमी.

ओसरी :
भावाला फोन करून झाडाकडे पाठवलं. पानं चिकट आहेत, खालची काळी पडायला लागलीत. काका, तुमचा तो ‘त्यातला कळता’ मी घेते.

सावंतवाडीकर :
घे गो. पण आधी मोहोराचो फोटो पाठव. फुलं उमलली असतील तर फवारणी जपून, मधमाश्या येतात.